चिऊताईचे दार : मुलांच्या गोष्टींतला परका कसा वाचावा

मराठी घरातल्या मुलाला कळू लागल्यावर ऐकू येणारी पहिली गोष्ट बहुधा एका बंद दाराची असते. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे घर मेणाचे. मोठा पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा चिमणीच्या दाराशी येऊन हाक मारू लागतो. चिमणी आतून सांगते : थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते, थांब, माझ्या बाळाला झोपवते. पुढचा भाग घराघरांत वेगळा सांगतात. कुठे चिमणी अखेर दार उघडते आणि कावळा चुलीपाशी ऊब घेत बसतो, कुठे त्याला तापल्या तव्याचा चटका बसतो, तर कुठे तो आत शिरून तिचाच खाऊ फस्त करतो. आपण लहानपणी यांपैकी कोणता शेवट ऐकला, हे प्रत्येक पालकाने एकदा आठवून पाहावे.

गेली आठ वर्षे दर शनिवारी संध्याकाळी लालबागमधल्या एका चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत, मी पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी गोष्टींचा तास घेते. महिन्यातून एकदा भिंतीवर चादर ताणून चित्रपटही दाखवते. आपल्यासारखा नसलेला कोणीतरी दाराशी येतो, हा एकच प्रसंग मुलांच्या गोष्टींत किती वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो, हे या काळात माझ्या लक्षात आले. येणारा कधी परग्रहावरचा असतो, कधी परमुलखातला, कधी राक्षस किंवा भूत, तर कधी वर्गात नव्याने आलेला मुलगा. ऐकणारे मूल त्यातून काय घेऊन उठते, हे मात्र ते दार गोष्टीने कसे रंगवले आहे यावर ठरते. ते कसे तपासावे आणि मुलांशी त्याविषयी कसे बोलावे, याची माझी पद्धत मी पालक, आजीआजोबा आणि शिक्षक यांच्यासाठी येथे मांडत आहे.

आधी एकट्याने पाहावे

पुस्तक असो वा चित्रपट, मुलांसमोर नेण्यापूर्वी तो आपण एकट्याने पाहावा आणि त्यात पहिल्या भेटीचा प्रसंग नेमका कोठे आहे ते शोधावे. चित्रपट असेल, तर तो प्रसंग दोनदा पाहावा : एकदा नेहमीसारखा आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून. भीती बहुतेक वेळा चित्रात नसून पार्श्वसंगीतात असते, हे या दुसऱ्या वेळी लक्षात येते. आवाज बंद केल्यावर पडद्यावर केवळ एक माणूस हळूहळू चालत येताना दिसतो. तो दुष्ट आहे हे आपल्याला व्हायोलिनने सांगितलेले असते. आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना हा प्रयोग करून दाखवावा. एकदा तो पाहिला की पुढच्या प्रत्येक चित्रपटात ती आपणहून संगीताकडे कान देऊ लागतात.

त्यानंतर कॅमेरा कोणाच्या उंचीवर आहे ते पाहावे. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या १९८२ च्या ‘ई. टी.’ या चित्रपटात कॅमेरा बराच काळ मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर राहतो, आणि आई सोडली तर मोठ्या माणसांचे चेहरे चित्रपट बराच पुढे सरकेपर्यंत आपल्याला दिसतच नाहीत. परग्रहवासीयाचा माग काढणारा एक माणूस तर आपण केवळ कमरेला लटकणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्यावरून ओळखतो. परिणाम असा होतो की सुरकुतलेल्या कातडीचा, लांब मानेचा तो जीव मुलांना जवळचा वाटू लागतो आणि माणसेच परकी वाटू लागतात. असे काही सापडले की ते वहीत एका ओळीत लिहून ठेवावे. मुलांशी बोलताना हीच ओळ उपयोगी पडते.

पुस्तकात कॅमेऱ्याचे काम शब्द करतात. आपल्या भाषेत दाराशी आलेल्या माणसासाठी पाहुणा, अनोळखी, तिऱ्हाईत, परका, उपरा, आगंतुक असे कितीतरी शब्द आहेत, आणि माणूस तोच असला तरी शब्द बदलला की आतल्यांचे वागणे बदलते. गोष्टीने कोणता शब्द निवडला आहे आणि शेवटपर्यंत तोच ठेवला आहे का, याकडे लक्ष द्यावे. त्या व्यक्तीला स्वतःचे नाव आहे का, असल्यास ते तिने सांगितले की आतल्यांनी ठेवले, हेही पाहावे. सत्यजित राय यांच्या १९६२ मधल्या ‘बंकुबाबूंचा मित्र’ या बंगाली कथेतला परग्रहावरचा जीव आपले नाव आणि आपल्या ग्रहाचे नाव स्वतः सांगतो, आणि आपण माणसांपेक्षा पुढारलेले आहोत हेही सहज सांगून टाकतो. मुलांना हे फार आवडते, कारण बाहेरून येणारा नेहमी बिचाराच असतो, अशी त्यांची तोवर समजूत झालेली असते.

किंमत कोण मोजतो

माझ्या मते हा या साऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि सर्वांत कमी विचारला जाणाराही. परक्याला आत घेतल्याची किंमत गोष्टीत कोण मोजतो, हे तपासावे. मुलांच्या बहुसंख्य गोष्टींत ती बाहेरून आलेला मोजतो. आपण उपयोगी आहोत हे त्याला सिद्ध करावे लागते : तो सामना जिंकून देतो, बुडणाऱ्याला वाचवतो, आपली जादू यजमानाच्या कामी लावतो. राकेश रोशन यांच्या २००३ च्या ‘कोई मिल गया’ या चित्रपटातला जादू नावाचा परग्रहवासी मुंबईतल्या मुलांच्या अतिशय आवडीचा आहे, आणि त्यांचे त्याच्यावरचे प्रेम खरे आहे. तरीही जादूने चित्रपटाचा नायक रोहित याला शक्ती दिलीच नसती तर तो तितकाच आवडला असता का, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींत परका इतरांसाठी स्वतःचा जीव पणाला लावतो आणि मगच गाव त्याच्यासाठी रडते. अशा गोष्टी वाईट असतात असे माझे म्हणणे नाही, त्या पाहताना मीही रडले आहे. पण मुलाने सलग दहा गोष्टी अशाच पाहिल्या, तर आत येण्यासाठी काहीतरी करून दाखवावेच लागते, हा नियम कोणीही न सांगता त्याच्या मनात पक्का होतो. पुढे वर्गात मराठी अडखळत बोलणारा मुलगा आला की आमचा विद्यार्थी प्रथम विचारतो, “तुला बॉलिंग येते का?”

याच्या उलट, किंमत घराने मोजल्याची गोष्ट क्वचित भेटते. रवींद्रनाथ ठाकूर यांची १८९२ मधली ‘काबुलीवाला’ ही तशी गोष्ट आहे, आणि ती मी दरवर्षी एकदा तरी सांगते. बलराज साहनी यांची भूमिका असलेला तिच्यावरचा १९६१ चा हिंदी चित्रपट मोठ्या मुलांना दाखवता येतो. कोलकात्यातली पाच वर्षांची मिनी खिडकीतून काबुलीवाल्याला हाक मारते खरी, पण तो घराकडे वळताच आत पळून जाते, कारण त्याच्या झोळीत तिच्यासारखी दोन-चार मुले कोंबलेली असणार, अशी तिची खात्री असते. येथे मी हमखास थांबते. “त्रास दिलास तर झोळीवाल्याला देऊन टाकीन” हे वाक्य आमच्या तासाला येणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी घरी ऐकलेले असते, आणि ते कोणी कोणाला म्हटले हे सांगण्याची त्यांना घाई झालेली असते. त्यांना सांगू द्यावे. ही भीती मिनीला आकाशातून मिळालेली नाही, ती कोणीतरी दिलेली आहे, हे मुलांना त्या दोन मिनिटांत आपोआप कळते.

या कथेतला काबुलीवाला, रहमत, धुतल्या तांदळासारखा नाही. चादरीच्या उधारीवरून झालेल्या भांडणात तो एका माणसाला सुरा मारतो आणि तुरुंगात जातो. सांगताना हा भाग गाळण्याचा मोह होतो, आणि तो आवरावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण परका तेवढा देवमाणूस असेल तरच त्याच्यावर माया करावी, असा अर्थ त्यातून निघू नये. सुटून आल्यावर तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी दाराशी येतो. मिनीचे वडील प्रथम त्याला परत पाठवू पाहतात. तेव्हा तो छातीपाशी जपलेला एक मळका कागद काढून टेबलावर पसरतो, आणि त्यावर फोटो नसतो, चित्र नसते, तर काजळीत बुडवून उमटवलेला एका लहान हाताचा ठसा असतो. ती त्याची दूर राहिलेली मुलगी. वडील त्याला घरी परतण्यासाठी पैसे देतात, आणि त्यामुळे लग्नातली विजेची रोषणाई आणि इंग्रजी बँड त्यांना रद्द करावा लागतो. घरातल्या बायका नाराज होतात. मुलांना मी येथे विचारते, “तुमच्या दादाच्या लग्नातला बँड कोणासाठी रद्द केला तर तुम्हांला चालेल?” उत्तरे पटकन येत नाहीत, आणि येऊही नयेत.

रंग, नाक आणि बोली

जुन्या गोष्टींत दुष्टपणाची खूण शरीरावर काढलेली असते : काळा रंग, वाकडे नाक, लंगडा पाय, एक डोळा. अशा गोष्टी कपाटातून काढून टाकण्याचा मार्ग मला पटत नाही, कारण मुले त्या दुसरीकडून ऐकतातच. ओळ वाचून झाल्यावर साध्या आवाजात एवढेच विचारावे की, याचा पाय लंगडा नसता तर गोष्टीत काय बदलले असते? बहुतेक वेळा काहीच बदलत नाही, आणि ते मुलांनाच सापडते. वाईट दिसणारे प्रत्येक पात्र मुलांचे नुकसान करते असेही नाही. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर आणि पुढे वैभव मांगले अशा पुरुष नटांनी रंगवली, आणि मुले तिला घाबरत घाबरत तिच्यावरच लट्टू झाली, कारण ते सोंग आहे हे नाटकाने त्यांच्यापासून लपवले नाही.

बोलीकडे मात्र आपले पुरेसे लक्ष जात नाही. डब केलेल्या कार्टूनमध्ये नायक प्रमाण भाषेत बोलतो, आणि चोर, नोकर किंवा मूर्ख मित्र यांना कुठल्यातरी प्रांताचा हेल दिलेला असतो. ज्या मुलाची आजी घरी मालवणी बोलते किंवा ज्याचे वडील भोजपुरी बोलतात, तो हे ऐकून हसतो तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल, याचा विचार करावा. पुस्तक मोठ्याने वाचताना आपण स्वतः कोणत्या पात्राला कोणता हेल देतो, हेही एकदा फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. माझे मी ऐकले, आणि त्यानंतर माझी वाचण्याची पद्धत बदलली.

मुलांशी कसे बोलावे

गोष्ट संपताच “मग यातून आपण काय शिकलो?” असे विचारू नये. त्या प्रश्नाचे उत्तर मुलांना शाळेत पाठ झालेले असते आणि ती ते म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा गोष्ट बाहेरच्याच्या जागी उभे राहून पुन्हा सांगायला लावावी.

एका जुलैत आम्ही चिऊ-काऊची गोष्ट अशी केली. सात वर्षांचा एक मुलगा कावळा झाला आणि खोलीच्या दाराबाहेर, गॅलरीच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. आत चिमणी झालेल्या मुलीला बाकीची मुले एकेक काम सुचवत होती : बाळाला पावडर लाव, त्याचा अभ्यास घे, कुकर लाव, ऑनलाइन मागवलेले सामान तपास. प्रत्येक “थांब” ला खोलीत हशा पिकत होता. बाहेर पाऊस तिरका येत होता आणि कठड्यावरून उडणारे पाणी त्या मुलाच्या पाठीवर पडत होते. पाचव्या की सहाव्या “थांब” नंतर एक लहान मुलगी, जिला नाटकात काहीच काम नव्हते, उठली आणि तिने कडी काढली. “तो खरंच भिजतोय,” ती म्हणाली. चिमणी चिडली, तिचे बाळ अजून झोपले नव्हते म्हणून. मग मी कावळ्याला विचारले की बाहेर असताना काय वाटले. तो म्हणाला, “सगळे हसत होते ते ऐकू येत होतं. पण कशाला हसतात ते कळत नव्हतं.”

त्या दिवशी नातवाला न्यायला आलेल्या एक आजी हे ऐकत दाराशी थांबल्या होत्या. त्यांनी मुलांना २६ जुलै २००५ ची आठवण सांगितली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल बंद पडल्या, आणि कामावरून निघालेली त्यांची मुलगी कमरेएवढ्या पाण्यातून चालत कलिन्यापर्यंत पोहोचली. तेथे एका घराने तिला आत बोलावले, कोरडे कपडे दिले, खिचडी वाढली आणि रात्री झोपायला चटई दिली. त्या घराचे आडनाव आजींना आजही माहीत नाही. मुलांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, “त्यांनी थांब म्हटलं नाही?” अशी आठवण असलेला माणूस आपल्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर सापडेल. गोष्टीच्या जोडीला अशी खरी आठवण मिळाली तर ती जरूर सांगवून घ्यावी, आणि तिच्यावर आपले भाष्य करू नये.

भीती रास्त असेल तेव्हा

त्याच तासाला एका मुलाने गंभीरपणे सांगितले की कावळे खरोखरच चिमण्यांची अंडी आणि पिल्ले खातात. त्याने ते खिडकीतून पाहिले होते. तो बरोबर होता, आणि चिमणीचे थांबणे त्यामुळे अगदीच निष्ठुर ठरत नाही. मुलांना सावध राहायला शिकवणे आणि वेगळ्या माणसाबद्दल भय पेरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्या एकाच वाक्यात कधीही सांगू नयेत. सावधगिरीचा नियम दिसण्यावर न ठेवता कृतीवर ठेवावा : घरी न सांगता कोणाबरोबर जायचे नाही, कोणी नकोसा स्पर्श केला किंवा काही गुपित ठेवायला सांगितले तर लगेच मोठ्यांना सांगायचे, आणि हा नियम ओळखीच्या काकांनाही तितकाच लागू आहे. मुलांना त्रास देणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीतलीच असते, त्यामुळे केवळ अनोळखी माणसाची भीती घातल्याने मूल सुरक्षित होत नाही. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांकही मुलांना पाठ करून द्यावा. हे बोलणे गोष्टीच्या तासाला न करता वेगळ्या वेळी करावे.

लहान मुलांच्या बाबतीत चित्रपटाचा भयभाग आधी सांगून टाकावा. ‘ई. टी.’ मध्ये तो जीव पांढराफटक पडतो आणि संरक्षक पोशाखातली माणसे घरात घुसतात, तेव्हा सहा-सात वर्षांची मुले खरोखर घाबरतात. मी त्यापूर्वी चित्रपट थांबवते, दिवा लावते आणि पुढे काय होणार ते दोन वाक्यांत सांगते. उत्सुकता थोडी कमी होते, पण मूल उठून जात नाही.

एक चूक, जी टाळावी

गोष्टीतल्या परक्याकडून आपल्या आसपासच्या माणसांकडे वळताना घाई करू नये. दोन वर्षांपूर्वी एक नवा मुलगा तासाला येऊ लागला. त्याचे आडनाव आणि हिंदी ऐकून मी सर्वांसमोर त्याला म्हटले, “तुमच्याकडे कोणत्या गोष्टी सांगतात, त्यातली एक आम्हांला सांग ना.” हेतू चांगला होता. तो गोंधळला आणि म्हणाला, “आमच्याकडे म्हणजे कुठे? माझा जन्म केईएमचा आहे.” केईएम रुग्णालय आमच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि मी स्वतः लग्न होऊन सोलापूरहून या भागात आले. पंचवीस मुलांसमोर मी त्याला दाराबाहेर उभे केले होते. मी तेथेच त्याची माफी मागितली, पण त्यानंतरचे दोन शनिवार तो आला नाही. तिसऱ्या शनिवारी मित्राबरोबर आला आणि मागे बसला.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते : जिवंत माणसाला धड्याचे उदाहरण करायचे नाही. वॉचमनकाकांची मुलाखत घ्या, घरकामाला येणाऱ्या मावशींच्या गावाविषयी निबंध लिहा, असे उपक्रम काही ठिकाणी करवून घेतात. त्यात त्या माणसाला नकार देण्याची सोय नसते. मुलाने वॉचमनकाकांना त्यांच्या नावाने हाक मारावी असे वाटत असेल, तर आधी आपण स्वतः त्यांना नावाने हाक मारू लागावे.

शेवटाविषयी विचारावे

शेवटचा प्रश्न गोष्टीच्या शेवटाविषयी ठेवावा. ‘ई. टी.’ आपल्या घरी परततो, रहमतही परतीच्या वाटेला लागतो, कितीतरी गोष्टींत परका शेवटी निघून जातो किंवा मरतो, आणि आतल्या माणसांचे घर पुन्हा पूर्वीसारखे होते. तो राहिला असता तर काय झाले असते, हे मुलांना विचारावे आणि उत्तर तपशिलात काढून घ्यावे : तो कुठे झोपला असता, काय खाल्ले असते, शेजाऱ्यांना काय सांगितले असते. कागद द्यावा आणि घराचा नकाशा काढायला सांगावा.

गेल्या पावसाळ्यात नऊ वर्षांच्या एका मुलीने आपल्या दहा बाय बाराच्या खोलीचा नकाशा काढला होता. खोलीत पाच माणसे राहतात. तिने त्या परग्रहवासीयाला पोटमाळ्यावर जागा दिली आणि तेथे असलेली गादी, दिवाळीचे कंदील व आजोबांची ट्रंक कुठे हलवायची तेही बाण काढून दाखवले. खाली टीप लिहिली होती की पाणी पहाटे पाच वाजता येते, तेव्हा सगळ्यांनाच उठावे लागते, त्यालाही. मी तिला विचारले की आई हो म्हणेल का. तिने पेन्सिल थांबवून थोडा विचार केला आणि नकाशाच्या कोपऱ्यात, दाराच्या आतल्या बाजूला, एक छोटी चौकट काढून तीत लिहिले : “आई. तिला आधी सांगायचे. ती चिडेल. मग चहा ठेवेल.”